रुपयातले किती आणे दुखतंय, हे आईला विचारलंस का?

घणसोलीतल्या ३१ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. महापेला नोकरी करतो. घरी तो आणि ६१ वर्षांची आई, दोघंच. फ्लॅट आईच्या नावावर आहे. आईला स्तनाचा कर्करोग आहे आणि तो आता कंबरेच्या नि मणक्याच्या हाडांपर्यंत गेलाय. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्या कर्करोग केंद्रात, केमो सुरू आहे. रात्री दुखण्याने झोप नाही, केमोनंतर तीन-चार दिवस अन्नाकडे बघवत नाही. मुलाला हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर रोपं वाढवण्याचा, छंद आहे. बाल्कनीत पाइप, जाळीचे कप, कोकोपीट आणि एलईडी दिवे लावून तो लेट्यूस आणि पालक पिकवतो. थायलंडहून आलेल्या मित्राने त्याला गांजाच्या सहा बिया दिल्या. त्यातल्या दोन त्याने ओल्या टिश्यूत ठेवल्या, पण त्या रुजल्या नाहीत. त्याचा प्रश्न असा: ‘कॅन्सरच्या दुखण्यावर गांजा चालतो असं सगळीकडे वाचतो. आतल्या खोलीत चार झाडं, फक्त आईसाठी, कुणाला विकायचं नाही. बिया रुजवायच्या कशा? आणि यात चूक असेल, तर आईला तळमळताना नुसतं बघत बसणं ही जास्त मोठी चूक नाही का?’

---

मित्रा,

बिया कशा रुजवायच्या ते मी सांगणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू ते शोधत उरलेलं पत्र चाळणार नाहीस. पण तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला मनापासून द्यायचं आहे. आईला तळमळताना नुसतं बघत बसायचं नाही, यात मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे.

तुझं पत्र वाचताना एक गोष्ट खटकली. बियांबद्दल तू अकरा ओळी लिहिल्या आहेस. पाणी किती कोमट होतं, टिश्यू किती ओला होता, डबा अंधारात किती तास ठेवला, सगळं आहे. आईच्या दुखण्याबद्दल दीड ओळ. नेमकं कुठे दुखतं? कूस बदलताना दुखतं, की पडल्या पडल्यासुद्धा? ठणकतं, की आग होते? सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि त्यांनी किती तास बरं वाटतं? यातलं काही पत्रात नाही. मी रागावून लिहीत नाहीये. घरात असं दुखणं आलं की माणूस हाताला जे येतं ते करत सुटतो. तुझ्या हाताला झाडं येतात, म्हणून तू झाडाकडे वळलास.

माझ्या वडिलांच्या वेळी आमच्याकडेही असंच झालं. नौपाड्याच्या घरात ते पलंगाच्या लोखंडी दांडीला धरून रात्र काढायचे आणि सकाळी डॉक्टरांनी ‘कसं आहे काका?’ विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणायचे. आम्ही शेजारी उभे असायचो आणि आम्हीही मान हलवायचो. एकदा एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कॉटवर बसून विचारलं, “काका, दुखणं रुपया धरलं तर आज किती आणे आहे?” अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “चौदा.” सोळातले चौदा. दोन महिने आम्ही त्या माणसाबरोबर राहत होतो आणि चौदा आण्यांचा आम्हाला पत्ता नव्हता. त्याच संध्याकाळी त्यांच्या गोळ्या बदलल्या. चौथ्या दिवशी त्यांनी चहाबरोबर खारी मागितली आणि पेपर कुठाय विचारलं.

म्हणून तुझ्या आईला आधी हे विचार. दवाखान्यात शून्य ते दहा असा आकडा विचारतात, तोही चालेल, पण या वयाच्या बायकांना आण्यांत सांगणं सोपं जातं. घरात भिंतीवर कालनिर्णय असेलच. त्या-त्या तारखेच्या चौकटीत सकाळचा आणि रात्रीचा आकडा लिही. गोळी किती वाजता घेतली आणि दुखणं परत केव्हा वर आलं, तेही लिही. आठ दिवसांचं ते पान ओपीडीत डॉक्टरांपुढे ठेव. ‘खूप दुखतं हो’ या वाक्यावर गर्दीच्या ओपीडीत फारसं काही करता येत नाही. ‘रात्री दोन वाजता बारा आणे, गोळीचा असर तीन तास’ यावर डॉक्टरांना लगेच काहीतरी करता येतं.

आता तुझ्या पत्रात तू जे गृहीत धरलं आहेस, ते एकेक बघू.

चार झाडं घरच्यापुरती लावली तर कोण विचारतंय, असं तुला वाटतं. आपल्याकडचा १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्यात नुसतं बी म्हणजे गांजा नव्हे. पण बी रुजवून रोप वाढवलंस की ती लागवड झाली. कॅनाबिसचं कुठलंही झाड परवानगीशिवाय लावायला कलम ८ खाली बंदी आहे. कलम २० खाली लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरून शिक्षा कमी होते, असं तू कुठेतरी वाचलं असशील. ते गांजा जवळ बाळगण्याबद्दल आहे, झाड लावण्याबद्दल नाही. विकायचं नव्हतं, आजारी आईसाठी होतं, हे सांगायची वेळ येईल तेव्हा तू कोर्टात उभा असशील आणि आईला केमोला न्यायला घरी कुणी नसेल.

यातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट कलम २५ मध्ये आहे. घराच्या मालकाने जाणूनबुजून अशा कामाला घर वापरू दिलं, तर त्यालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. घर कुणाच्या नावावर आहे, ते तूच लिहिलं आहेस.

थायलंडमध्ये चालतं, हेही तू लिहिलंस. तिथे २०२२ मध्ये बंदी उठली हे खरं. पण २०२५ मध्ये त्यांनीही गांजाच्या फुलांची विक्री पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणली. शिवाय परदेशातून कुठलंही बियाणं आणायला आपल्याकडे परवाना लागतो, ते भेंडीचं असलं तरी. उरलेल्या बिया उकळत्या पाण्यात टाक आणि विषय संपव. मित्राकडून नव्याने मागवू नकोस.

आता औषध म्हणून विचार करू. यातल्या घटकांमध्ये काहीच दम नाही, असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. केमोच्या मळमळीसाठी ड्रोनाबिनॉल नावाची कॅप्सूल अमेरिकेत १९८५ पासून आहे. पण तिच्यात औषध किती मिलिग्रॅम आहे ते मोजलेलं असतं. तुझ्या खोलीतल्या झाडात ते किती उतरलंय, ते तुला कळणार नाही. एकाच झाडाच्या दोन फांद्यांतही ते सारखं नसतं. आणि कॅन्सरच्या दुखण्यावर गांजातल्या घटकांचे जे मोठे प्रयोग झाले, त्यांतून भरवशाचा गुण दिसलेला नाही. वेदनेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ मध्ये वेदनेसाठी या औषधांची शिफारस करायला नकार दिला.

त्यात तुझी आई केमोवर आहे. तिच्या पांढऱ्या पेशी खाली जातात तेव्हा घरी वाळवलेल्या पाल्यावरची साधी बुरशीसुद्धा फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते. एकसष्टाव्या वर्षी डोक्यात गरगर, छातीत धडधड, रात्री बाथरूमला उठताना तोल जाणं, हे वेगळंच. कर्करोगाने पोखरलेलं हाड अशा एका पडण्यात मोडतं.

आणि सगळं मनासारखं झालं तरी बीपासून फुलापर्यंत तीन-चार महिने जातात. तिचं दुखणं आज रात्रीचं आहे.

तू हायड्रोपोनिक्सवाला आहेस म्हणून तुला पटेल असं सांगते. रोप पिवळं पडलं तर तू आधी पाण्याचा पीएच बघतोस, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण) बघतोस, मुळं उचलून बघतोस. बघितल्याशिवाय नवीन खत ओतत नाहीस. आईच्या बाबतीत ते बघणं राहून गेलंय.

हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या दुखण्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते तुझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. दुखणाऱ्या हाडावर रेडिएशन देतात, अनेकदा एकाच बैठकीत. त्याचा गुण यायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात, पण पुष्कळ जणांना तो येतो. हाडं मजबूत करायची औषधं सलाइनमधून देतात. आग होणारं, मुंग्यांसारखं, पायात उतरणारं दुखणं नसेचं असतं. त्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, आणि नुसत्या पेनकिलरने ते हटत नाही. म्हणून ठणका की आग, हे मी वर विचारलं.

आणि मॉर्फिन. हे नाव ऐकून तुझ्या आईचा चेहरा कसा होईल ते मला दिसतंय, कारण आमच्या घरी तो चेहरा मी बघितलाय. मॉर्फिन म्हणजे आता शेवट, मॉर्फिन म्हणजे व्यसन, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. खरं असं आहे की मोठ्या दुखण्यासाठी तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जगभर मान्य असलेलं, स्वस्त आणि दशकानुदशकं वापरातलं औषध आहे. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर व्यसन लागण्याची वेळ क्वचितच येते. ते दुखल्यावर घ्यायचं नसतं, घड्याळ लावून घ्यायचं असतं, म्हणजे दुखणं वर येऊच देत नाहीत. पहिले काही दिवस गुंगी येते, मळमळतं, मग ते ओसरतं. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबरच मागून घे. घरोघरी हे राहून जातं, मग पोट फुगतं आणि दोष मॉर्फिनला देऊन गोळी बंद होते. डोस स्वतःहून वाढवायचा नाही आणि एकदम तोडायचाही नाही. गोळ्या कुलपात ठेव, मोजून ठेव.

ज्या कायद्याची मी वर भीती घातली, त्याच कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, ती मुद्दाम अशा रुग्णांसाठी. त्याआधी दवाखान्यांना मॉर्फिन ठेवायला परवान्यांची मोठी माळ लागायची आणि त्या माळेत कितीतरी माणसं कण्हत गेली. आता मान्यताप्राप्त संस्थांना ते रीतसर ठेवता आणि देता येतं. तुझ्या आईला मोजलेल्या मात्रेचं, पावतीवर मिळणारं औषध मिळू शकतं. आधी ते माग.

मागायचं कुठे? तुमच्या डॉक्टरांना म्हण, “आम्हाला पॅलिएटिव्ह विभागाची चिठ्ठी द्या.” टाटाच्या रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिन हा स्वतंत्र विभाग आहे. वेदना, मळमळ, झोप आणि भीती, हेच त्यांचं काम. तिथे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं समजू नकोस आणि आईलाही समजू देऊ नकोस. केमो चालू असतानाच हे उपचार बरोबरीने चालतात. २०१० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस बरे गेलेच, शिवाय ते सरासरी जास्त जगले. दर खेपेला खारघरची पायपीट झेपत नसेल, तर फोनवर सल्ला मिळतो का, घरी येणारी टीम आहे का, हेही तिथेच विचार.

मळमळीचंही तसंच. केमोच्या दिवशी दिलेल्या गोळ्या पुरत नसतील तर तसं सांगायचं असतं, कारण वेगवेगळ्या प्रकारची तीन-चार औषधं आहेत आणि ती जुळवून देतात. आपल्या आया सांगत नाहीत. ‘केमो म्हटली की एवढं होणारच’ म्हणून तोंडाला पदर लावून बसतात. तिच्या वतीने तू सांग.

एक धोक्याची खूण लक्षात ठेव, कारण तू ‘मणक्याच्या’ असं लिहिलं आहेस. पायातली शक्ती अचानक कमी वाटली, पाय बधिर झाले, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. त्याच दिवशी, रात्र असली तरी, तिला तातडीच्या विभागात ने. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याची ती लक्षणं असू शकतात आणि तिथे काही तासांनीही फरक पडतो.

एवढं सगळं करूनही तुला किंवा आईला या वनस्पतीचं औषध करून बघायचंच असेल, तर आयुर्वेदात ‘विजया’ या नावाने तिची परवानाधारक औषधं आहेत, वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळणारी. मी ती घे असं म्हणत नाही. फक्त ॲक्ट्रेकमधल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, कारण केमो आणि झोपेच्या गोळ्यांशी त्याचं जमेलच असं नाही. आणि दुकानात खाण्यासाठी मिळणाऱ्या भांगेच्या बिया म्हणजे हेम्प सीड्स, त्या २०२१ पासून खाद्यपदार्थ म्हणून विकायला परवानगी आहे. त्या जवस-तिळासारख्या खायच्या, दुखणं त्यांनी जात नाही.

तुझ्यासारखी पत्रं मला आणखीही येतात. आईसाठी नाही, स्वतःच्या झोपेसाठी, ऑफिसचा ताण उतरावा म्हणून. कुणी ऐरोलीहून लिहितं, कुणी घोडबंदर रोडवरच्या विसाव्या मजल्यावरून. कपाटात दिवा, पंखा आणि दोन कुंड्या लावल्या की बाजारातल्या भेसळीपासून सुटलो, असं त्यांना वाटतं. त्यांनाही कायद्याचं वरचंच उत्तर आहे. बाकी एकच विचारते: झोप का येत नाही, हे कुणाशी बोललात का? टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ओढण्यावाचून राहवत नसेल तर व्यसनमुक्तीचा क्रमांक १४४४६ आहे. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४ अ याच कायद्यात आहे. आणि ज्यांच्या घरात भाऊ किंवा रूम पार्टनर असं काही वाढवतोय, त्यांनी गप्प बसू नये. घर तुमच्या नावावर असेल आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर जबाबदारी तुमच्यावरही येते. आधी त्याच्याशी सरळ बोला.

आता तुझ्या बागेबद्दल. ती बंद करू नकोस. रात्रीच्या जागरणात ते पाइप आणि ती हिरवी पानं तुलाच धरून ठेवत असतील. फक्त आईच्या ताटात त्यातलं काय जाईल, ते बघ. केमोत कच्ची मोडं आणि कच्चा पाला टाळायला सांगतात, पेशी खाली असताना तर नक्कीच, म्हणून तुझं लेट्यूस सध्या तूच खा. उन्हाळ्यात ते रुजतही नाही, पाणी तिशीच्या आसपास गेलं की लेट्यूसचं बी झोपून राहतं. तुला तो अनुभव असेल. पालक शिजवून चालतो. पुदिन्याला बी लागतच नाही. देठ पाण्यात उभा केला की आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात, आणि नुसता वास घ्यायला एक कप तिच्या उशाशी ठेवता येतो, तो तिला सोसत असेल तर. केमोत काहींना वासच नको होतात.

आणि अळू लावून बघ. तू लिहिलंस की आई मूळची संगमेश्वरकडची आहे, आणि तिकडे परसात सांडपाण्याच्या कडेला अळू असतंच. बाजारातून अळूचा एक कंद आण, कोंबाकडची बाजू वर ठेवून मोठ्या जाळीच्या कपात कोकोपीटमध्ये अर्धा बुडव आणि कोंब वर येईपर्यंत नुसतं पाणी दे, खत नको. पानं तळव्याएवढी झाली की काढ. खाजरं की बिनखाजरं, हे आईला पानाकडे बघून कळेल. चिंच घालून नीट शिजवलेलं फदफदं केमोनंतरच्या चौथ्या-पाचव्या दिवशी दोन चमचे तरी जातं का, बघ. कसं करायचं ते तिलाच विचार. ती कॉटवरून सांगेल, तू कर.

पण हे सगळं नंतर. आज रात्री ती जागी असेल तेव्हा दिवा न लावता तिच्या कॉटवर बस आणि किती आणे ते विचार. पहिल्यांदा ती ‘बरंय रे, झोप तू’ म्हणेल. तिथून उठू नकोस. पुन्हा विचार.

तुझी,
ताई